हरवलेल्या साखरेचा रकाना

२२ नोव्हेंबर २०२४

मोळी पडून आठवडा झाला. हंगाम १५ तारखेला सुरू झाला खरा, पण विधानसभेचं मतदान २० ला. बीडकडच्या बऱ्याच ऊसतोड टोळ्या मतदान उरकूनच फडात उतरल्या. त्यामुळे गव्हाणीवर ऊस तुटक तुटक येतो आणि मिल थांबत थांबत चालते. थांबलेल्या मिलखालचा रस तासाभरात आंबायला लागतो. लॅबची डोकेदुखी इथूनच सुरू.

पहिल्या मिलच्या रसाचे आजचे आकडे: ब्रिक्स १७.८, पोल १४.२, प्युरिटी ७९.८. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं सगळं: साखर, क्षार, ग्लुकोज, फ्रुक्टोज, डिंकासारखे पदार्थ. पोल म्हणजे त्यातली साखर. पोलला ब्रिक्सने भागलं की प्युरिटी. सुरुवातीला ती ऐंशीच्या आत असते. उसाला अजून थंडी लागलेली नाही.

मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेली नवी केमिस्ट रुजू झाली. पहिल्याच दिवशी तिने नेमका प्रश्न विचारला, "सर, उसातली साखर आपण मोजतो कुठे?"

कुठेच नाही. पाच हजार टन उसाचा नमुना कोण घेणार आणि कसा घेणार? काट्यावर ऊस मोजला जातो. मिलवर मारलेलं पाणी मोजलं जातं. निघालेला मिश्र रस मोजला जातो. ऊस अधिक पाणी बरोबर रस अधिक चिपाड. चिपाडाचं वजन या वजाबाकीतून येतं. मग रसातली साखर आणि चिपाडात राहिलेली साखर यांची बेरीज करायची आणि म्हणायचं, उसात एवढी होती. सगळा हिशेब उलटा चालतो. ती म्हणाली, "म्हणजे काट्यात चूक असेल तर सगळ्यातच चूक." मी म्हटलं, "हे पहिल्या दिवशी कळलं, बरं झालं."

२९ नोव्हेंबर

तिला पोलरीमीटरवर बसवलं. यंत्र आता डिजिटल आहे, नळी घातली की आकडा येतो. पण आकड्याआधीचं काम हातचंच. रसात लेडची पूड टाकून हलवायचं. गढूळपणा गोळा होऊन खाली बसतो. मग फिल्टर पेपरवर ओतायचं. खाली उतरणारे पहिले थेंब फेकून द्यायचे, कारण त्यात कागदाचं ओलेपण मिसळलेलं असतं. लॅबबॉय हे काम न बघता करतो: फनेलखालचा पेला एकदा भरतो, विसळून ओतून देतो आणि पुन्हा ठेवतो. त्याला कारण विचारलं तर सांगता येणार नाही, पण त्याचा आकडा सहसा चुकत नाही.

तत्त्व जुनं आहे. ज्याँ-बाप्तिस्त बिओ या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८१५ मध्ये दिसलं की काही द्रावणं ध्रुवित प्रकाशाची पातळी फिरवतात. साखरेचं द्रावण ती उजवीकडे फिरवतं, आणि किती फिरवतं हे साखर किती विरघळली आहे त्यावर ठरतं. २६ ग्रॅम शुद्ध साखर १०० मिलिलिटर द्रावणात, २० सेंटिमीटरची नळी, की यंत्र १०० दाखवतं. जगभरचा साखरधंदा या एका ठरावावर चालतो.

पण नवख्या माणसाला एक गोष्ट लवकर सांगितलेली बरी. यंत्र साखर ओळखत नाही. प्रकाश किती फिरला एवढंच ते सांगतं. ग्लुकोजही प्रकाश उजवीकडे फिरवतो, फ्रुक्टोज जोरात डावीकडे. साखर फुटून त्या दोघांत बदलली की पोल घसरतो. तेव्हा साखर खरोखर जितकी गेली त्यापेक्षा जास्त गेल्यासारखी दिसते. लेडची पूडही सरळ गटारात सोडता येत नाही. शिसं आहे ते. वापरलेलं सगळं वेगळ्या ड्रममध्ये साठवतो.

८ डिसेंबर

थंडी पडली. मिलला ऊस पुरा पडायला लागला. सलग पाच हजार टनांचं गाळप झालं की कारखान्याचा आवाजच बदलतो.

दुपारी इव्हॅपोरेटरवर गेलो होतो. इथली कामगिरी लोकांच्या नजरेत येत नाही. रसाचा ब्रिक्स १४, सिरपचा ६०. मधलं पाणी उडवायचं. दिवसाला सव्वापाच हजार टन रस धरला तर चार हजार टन पाणी फक्त वाफ करून घालवायचं. एका भांड्यात उकळलं असतं तर जळणाला चिपाड कधीच पुरलं नसतं. म्हणून चार बॉडी एकापुढे एक. पहिलीत टर्बाइनची वाफ. तिच्यातल्या रसाची जी वाफ निघते ती दुसरीला तापवते, दुसरीची तिसरीला, तिसरीची चौथीला. पुढच्या प्रत्येक बॉडीत दाब कमी, म्हणून रस कमी तापमानाला उकळतो. शेवटची २६ इंच व्हॅक्यूमवर, जेमतेम ५५ अंशांना. ढोबळमानाने एक टन वाफेत चार टन पाणी उडतं.

ही कल्पना नॉर्बर्ट रिलियूची. न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ साली जन्मलेला, मिश्रवर्णीय पण स्वतंत्र आईचा मुलगा. पॅरिसमध्ये वाफेचं शास्त्र शिकला. लुइझियानात तेव्हा गुलाम माणसं उघड्या कढयांतून उकळता रस एका कढईतून दुसरीत पळ्यांनी ओतत आणि भाजून निघत. रिलियूने १८४३ मध्ये बंद भांड्यांचं आणि व्हॅक्यूमचं पेटंट घेतलं. कमी तापमानाला उकळल्याने साखर जळत नाही, हा त्याचा दुसरा फायदा. कृष्णाकाठच्या कारखान्यांत आज उभ्या असलेल्या बॉडी म्हणजे त्याच युक्तीचं मोठं रूप.

नवी केमिस्ट शेवटच्या बॉडीच्या काचेतून बराच वेळ बघत होती. रस उसळतो, थेंब वर उडतात. तिने विचारलं, "हे थेंब वाफेबरोबर जात नाहीत?" जातात. त्यासाठी वर कॅचर असतो. तो नीट चालला तर.

१७ डिसेंबर

रात्रपाळीत पॅनवर तात्यांबरोबर बसलो. तात्या पॅनमन, पुढच्या वर्षी निवृत्त होतील.

साखर पाण्यात जितकी विरघळते तितकी फार थोडे पदार्थ विरघळतात. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम, ८० अंशांना सुमारे ३६० ग्रॅम. पॅनमध्ये पाणी उडवत उडवत द्रावण या हद्दीच्या जरासं पुढे न्यायचं. थोडंच पुढे नेलं तर आहे तो दाणा वाढतो, नवा जन्मत नाही. फार पुढे गेलं की एकदम बारीक दाण्याची धूळ उठते. ती सेंट्रिफ्यूगलच्या जाळीतून मळीबरोबर निघून जाते. त्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पॅन धरून ठेवणं म्हणजेच पॅनमनचं काम. बीज आपण घालतो: स्पिरिटमध्ये बॉलमिलवर दळलेल्या साखरेची स्लरी, मोजून.

पॅनला ब्रिक्सचं मीटर आहे, पडद्यावर रेघ चालते. तात्या रेघेकडे बघतात, पण प्रूफस्टिकने थोडा माल काढून काचेवर पसरतात, दिव्याखाली धरतात आणि अंगठा-तर्जनीत तार ओढून बघतात. "सायेब, मीटर सांगतंय त्ये खरं हाय. पण मीटर दाणा बघत न्हाई." दाणा एकसारखा, चौकोनी, कडा धारदार. काच मायक्रोस्कोपखाली ठेवली. सगळे जवळजवळ एकाच मापाचे. त्यांच्यामध्ये धूळ नाही. मी पॅनच्या नोंदवहीत "दाणा उत्तम" लिहिलं. तात्यांनी ते वाचलं आणि चहा मागवला.

२ जानेवारी २०२५

वरच्या भागात विजेच्या तारांच्या घर्षणाने दोन फड पेटले. जळीत ऊस तातडीने आणावा लागतो. पण वाहनं वेळेवर मिळाली नाहीत आणि तो चौथ्या दिवशी गव्हाणीवर आला. जळलेल्या उसाची साल तडकलेली असते. आत जीवाणू शिरायला तेवढी वाट पुरते. ल्युकोनोस्टॉक हा त्यातला मुख्य. तो साखर खातो आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट, डिंकासारखा पदार्थ टाकतो.

दुपारी नव्या केमिस्टने तपासलं. गाळलेला रस परीक्षानळीत घेऊन त्यात अल्कोहोल घातलं. ताज्या उसाच्या रसात किंचित धूसरपणा येतो. या रसात क्षणात दुधट ढग उठले.

मजा पुढे आहे. डेक्स्ट्रान प्रकाश उजवीकडेच फिरवतो, आणि साखरेच्या सुमारे तिप्पट. म्हणजे रसात डेक्स्ट्रान जरासा असला तरी पोल त्याच्या तिप्पट वाढलेला दिसतो. यंत्र म्हणतं साखर भरपूर आहे. पॅनमध्ये मात्र माल चिकट होतो, उकळायला दीडपट वेळ घेतो आणि दाणा एकाच दिशेने लांबतो. तात्यांनी काच दाखवली: चौकोनाच्या जागी सुया.

मग दिवसाच्या पत्रकात काय होतं? उसात साखर जास्त नोंदली जाते, पोत्यांत कमी निघते, आणि मधला फरक शेवटच्या, अज्ञात तोट्याच्या रकान्यात जाऊन बसतो. जी साखर नव्हतीच ती हरवली म्हणून लिहिली जाते.

दुसरं नुकसान मात्र खरं आहे. सिरपची प्युरिटी ८३ वरून ८० वर आली. मळीची ३२ धरून प्युरिटीवरून वसुली काढणाऱ्या एसजेएम सूत्रात घातलं तर पॅनहाऊसची वसुली ९०.४ टक्क्यांवरून ८८.३ वर येते. रसात उसाच्या साडेबारा टक्के साखर धरली, तर पाच हजार टनांवर रोजची तेरा टन साखर मळीकडे वळते. प्युरिटीचे तीन अंक ऐकायला किरकोळ वाटतात.

शेती विभागाला लेखी कळवलं: जळीत ऊस तोडीपासून चोवीस तासांत मिळावा. उत्तर तोंडी आलं, "वाहनं द्या."

१५ जानेवारी

काल संक्रांत. आज तिळगूळ घेऊनच शेतकऱ्यांचं शिष्टमंडळ आलं, बोलणं मात्र गोड नव्हतं. दोन मुद्दे: काटा मारला जातो आणि उतारा, म्हणजे उसातून निघालेल्या साखरेची टक्केवारी, चोरला जातो. एमडी साहेबांनी मला बोलावून घेतलं.

मी फळ्यावर हिशेब मांडला. यंदाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये, टनाला ३,४००. या उताऱ्याने एका टनात १०२.५ किलो साखर. भागाकार केला तर किलोला ३३ रुपये १७ पैसे. वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ३२ पैसे जास्त, म्हणजे टनाला ३३ रुपये २० पैसे. ०.१ टक्का म्हणजे टनात एक किलो साखर. दर तोच! नीट पाहिलं तर एफआरपी उसाची किंमत नाहीच. उसातून सापडलेल्या साखरेची ती किंमत आहे.

एक प्रौढ शेतकरी, बहुधा शिक्षक असावेत, पुढे सरकले. "म्हणजे काटा मारला तर?"

समजा दहा हजार टन ऊस आला आणि साखर निघाली अकराशे टन. उतारा ११. काट्याने दोनशे टन खाल्ले आणि ९,८०० दाखवले, तर साखर तेवढीच असल्याने उतारा ११.२२ होतो. वजन घटलं, दर वाढला, एकूण रक्कम जवळपास तिथेच. ज्याचं वजन खाल्लं त्याचे पैसे दुसऱ्याला गेले, हा अन्याय आहेच. पण काटा आणि उतारा दोन्हीकडून एकदम खायचं असेल तर साखरच लपवावी लागेल. आणि लपवलेली साखर पत्रकात फक्त एकाच ठिकाणी बसवता येते: अज्ञात तोट्याच्या रकान्यात.

ते म्हणाले, "मग तो रकाना आम्हाला का दाखवत नाही?"

मी एमडी साहेबांकडे बघितलं. ते म्हणाले, साखरेचा किमान विक्री दर २०१९ पासून ३१ रुपये किलोवर अडकलाय, त्यावर कुणी बोलत नाही. तेही खरंच. पण प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं.

२१ जानेवारी

पंधरवड्याचं पत्रक. उसात साखर १३.१० टक्के. चिपाडात गेली ०.६०, प्रेसमडमध्ये, म्हणजे रस निवळताना निघणाऱ्या गाळात, ०.०७, मळीत १.२०. उतारा १०.९९. राहिले ०.२४. अज्ञात.

रोजच्या अज्ञात आकड्यावर मी विसंबत नाही. पॅनमध्ये, क्रिस्टलायझरमध्ये, टाक्यांत किती माल उभा आहे हे डिपने मोजतो; त्यात इकडचं तिकडे होतं. पंधरवड्याने ते बऱ्यापैकी सारखं होतं. एरवी हा आकडा ०.१० ते ०.१२. जळीत उसाचा खोटा पोल धरला तरी दुप्पट व्हायचं कारण नाही, शिवाय तो ऊस संपून बरेच दिवस झाले.

शोध सुरू केला. मिलखालच्या गटारी: कोरड्या. रसाचा पीएच: सल्फिटेशननंतर ७.१, म्हणजे आम्लात साखर फुटत नाही. खात्रीसाठी रस आणि सिरप दोन्हींतली रिड्युसिंग शुगर फेहलिंगच्या द्रावणाने काढली. उकळत्या निळ्या द्रावणात ब्युरेटमधून रस सोडायचा, शेवटी मिथिलीन ब्लूचा थेंब, आणि निळसर झाक जाऊन विटकरी लाल उरला की थांबायचं. उकळी मोडू द्यायची नाही, नाहीतर हवेने निळा रंग परत येतो. ब्रिक्सच्या प्रमाणात दोन्ही आकडे जुळले. साखर रस आणि सिरपच्या मध्ये फुटत नाही. मग ती साखर म्हणूनच कुठेतरी बाहेर जाते आहे.

२३ जानेवारी

सापडली.

शेवटच्या बॉडीची आणि पॅनची वाफ कंडेन्सरमध्ये थंड पाण्याने मारतात. ते पाणी स्प्रे पाँडला जातं, फवाऱ्याने निवतं, परत येतं. गेले काही दिवस पाँडला आंबूस वास होता, कडेला बुळबुळीत थर होता. तिथला माणूस चुना टाकून मोकळा व्हायचा.

नव्या केमिस्टने प्रत्येक कंडेन्सरच्या टेलपाइपखालून वेगळा नमुना घेतला. सगळे काचेसारखे स्वच्छ. परीक्षानळीत दोन मिलिलिटर पाणी, अल्फा नॅफ्थॉलचे थेंब, मग नळी तिरपी धरून कडेकडेने तीव्र गंधकाम्ल. आम्ल जड, ते खाली बसतं. जिथे दोन थर भेटतात तिथे साखर असेल तर जांभळं कडं उठतं. पाण्यात साखर लाखात काही भाग असली तरी रंग येतो. पॅनच्या कंडेन्सरांखाली फिकट, जेमतेम. इव्हॅपोरेटरच्या कंडेन्सरखालच्या नळीत शाईसारखं गडद कडं.

मग कंडेन्सरला जाणारं आणि त्यातून येणारं पाणी शेजारी शेजारी तपासून, ठाऊक प्रमाणाच्या द्रावणांशी रंग ताडून, फरक काढला. फक्त फरकच धरायचा, कारण पाँडचं पाणी फिरून फिरून येतं आणि त्यातली साखर जीवाणूही खातात. एका लिटरमागे साधारण शंभर मिलिग्रॅम. ताशी अडीच हजार घनमीटर पाणी, दिवसाचं साठ हजार. घनमीटरला शंभर ग्रॅम. सहा टन. रोज सहा टन साखर, नितळ पाण्यातून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

पाच हजार टन उसावर हे ०.१२ टक्के. अज्ञात रकान्यातला वाढीव आकडा नेमका तेवढाच.

चीफ इंजिनिअर आधी मानायला तयार नव्हते. मी परीक्षानळीचा स्टँड त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. मग म्हणाले, सफाईच्या बंदीत कॅचर उघडू.

३१ जानेवारी

बंदी. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवरचा कीट कॉस्टिकने उकळून काढला. शेवटच्या बॉडीचा कॅचर उघडला. पत्रा एका कडेने खाल्लेला, आणि अडकलेला रस बॉडीत परत सोडणारी नळी कीटाने बुजलेली. कॅचरने पकडलेला रस परत जायला जागा नव्हती, तो भरून वाहून वाफेबरोबर निघत होता. वेल्डरने पत्रा बदलला, नळी मोकळी केली.

त्यात आणखी एक कारण दडलं होतं. कीट चढल्याने पहिल्या बॉडींचं काम मंदावलं, सिरपचा ब्रिक्स राखायला शेवटच्या बॉडीवर जोर दिला गेला, उकळी उंच उसळायला लागली. लॉगशीटमध्ये पातळीचा आकडा रोज वर चढलेला दिसतो. तो लिहिणारा पाळीप्रमाणे बदलत होता, त्यामुळे चढ कुणाच्या ध्यानात आला नाही. आता पातळीचा रोजचा आलेख लॅबच्या भिंतीवर लावायचा ठरलं, आणि टेलपाइपचा नमुना दर पाळीला.

१२ फेब्रुवारी

पंधरवड्याचा अज्ञात तोटा ०.१३. म्हणजे दिवसाला साडेपाच टन साखर परत पोत्यात. किलोला ३३.१७ ने रोजचे एक लाख ऐंशी हजारांवर रुपये.

आज मळीच्या टाकीवर होतो. उसाच्या साधारण ४.३ टक्के मळी, म्हणजे रोजची २१५ टन, आणि तिच्यात साठेक टन साखर. सांगितलं की लोक हळहळतात. ही साखर काढायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. शेवटच्या टप्प्याचा सी मॅसेक्विट, म्हणजे दाणा आणि मळीचं मिश्रण, क्रिस्टलायझरमध्ये संथ फिरवत चाळीस अंशांपर्यंत निववतो, तेव्हा कुठे आणखी थोडी दाण्यावर बसते. पुढे माल इतका घट्ट होतो की साखरेच्या रेणूला दाण्यापर्यंत पोचताच येत नाही. पोटॅशचे क्षार साखर धरून ठेवतात. मळीची प्युरिटी आणखी एका अंकाने खाली आणायची तर वेळ, वाफ आणि टाक्या लागतात. एका हद्दीनंतर मिळणाऱ्या साखरेपेक्षा खर्च जास्त.

डिस्टिलरीला दाण्याची गरज नाही, यीस्ट विरघळलेलीच साखर खातं. म्हणून सरकारने बी-हेवी मळीची वाट खुली केली: सी पर्यंत न थांबता आधीच्या टप्प्यावरची मळी इथेनॉलला द्यायची. गेल्या हंगामात ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाचा रस आणि सिरप इथेनॉलला वळवायला बंदी घातली होती, यंदा ती नाही. बी-हेवी वळवली की कागदावरचा उतारा दीड टक्क्याच्या आसपास घसरतो. ती घट प्रमाणपत्र घेऊन पुन्हा उताऱ्यात मिळवून एफआरपी काढायची असते. म्हणजे वळवलेल्या साखरेची किंमत शेतकऱ्याला मिळते. पाँडमध्ये वाहून गेलेल्या साखरेची मिळत नाही. तिचं प्रमाणपत्र कुणी देत नाही.

शिष्टमंडळातल्या त्या शिक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथे आहे. दर सापडलेल्या साखरेला मिळतो, म्हणून न सापडलेल्या साखरेचं नुकसान कारखान्याबरोबर शेतकऱ्याच्याही वाट्याला येतं. पाँडची गळती अख्खा हंगाम चालली असती तर उतारा ०.१२ ने कमी लागला असता आणि प्रत्येक सभासदाचे टनामागे चाळीसेक रुपये गेले असते. साखर पिकते शेतात. कारखान्याने ती फक्त सांडू नये एवढी अपेक्षा. सांडली तर निदान सांगावं.

८ मार्च

पट्टा पडला. यंदा ऊस कमी, हंगाम लवकर आटोपला. टोळ्यांचे बैल, ट्रॅक्टर परतीला लागले. आमचं काम मात्र आता वाढतं. सगळी पॅन, क्रिस्टलायझर, टाक्या रिकाम्या करायच्या. शेवटची मळी मोजल्याशिवाय हंगामाचा खरा उतारा कळत नाही. तोपर्यंत माहीत असलेला प्रत्येक आकडा अंदाजच.

तात्यांनी शेवटचा पॅन उतरवला. काच आणून दाखवली. दाणा चौकोनी.

१८ मार्च

काल मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारचा २१ फेब्रुवारी २०२२ चा शासन निर्णय रद्द केला. त्या निर्णयाने एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली होती: पहिला हप्ता विभागवार ठरवलेल्या उताऱ्यावर, पुणे-नाशिकला १० टक्के, बाकीच्या विभागांना ९.५; उरलेली रक्कम हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष उतारा निघाला की. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश म्हणतो, ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्या. आता पुन्हा एकरकमी.

ऑफिसात दोन तट पडले. मला केमिस्ट म्हणून दोन्ही बाजू दिसतात. चालू हंगामाचा उतारा चौदा दिवसांत कुणालाही सांगता येत नाही, कारण पॅनपासून मळीच्या टाकीपर्यंत बरीच साखर अजून द्रावणातच असते. पण शेतकऱ्याने सोसायटीचं व्याज भरत आमच्या टाक्या रिकाम्या व्हायची वाट का बघावी? मागच्या हंगामाचा उतारा धरून वेळेत पैसे द्यायचे, हा मार्ग त्यातल्या त्यात सरळ.

२६ मार्च

अंतिम पत्रक. उसात साखर १२.७१. चिपाड ०.६१, प्रेसमड ०.०७, मळी १.२१, अज्ञात ०.१५. एकूण तोटा २.०४. उतारा १०.६७.

एमडी साहेबांना लेखी प्रस्ताव दिला: गेटवरच्या फळ्यावर रोजच्या गाळपाशेजारी आपण उतारा लिहितो, पुढच्या हंगामापासून दर पंधरवड्याला चारही तोटे लिहावेत. चिपाडातला तोटा मिलचं काम सांगतो, प्रेसमडमधला निवळणीचं, मळीतला पॅनचं, आणि अज्ञात तोटा आमचं सगळ्यांचं. सभासदाला हे चार आकडे वाचता आले तर काटा आणि उताऱ्याबद्दलचे निम्मे वाद तरी मुद्द्यावर येतील, आणि ०.२४ दिसल्यावर बाहेरूनही कुणी विचारील की हे काय.

साहेबांनी वाचलं. म्हणाले, "आकडा वाढला की लोक चोरी म्हणतील." मी म्हटलं, "आकडा दिसत नाही तेव्हाही तेच म्हणतात." ते हसले. "शेजारच्या कारखान्यांनी लिहिलं की आपण लिहू."

वार्षिक अहवालाच्या मसुद्यात मी तरी चारही रकाने घातले आहेत, अज्ञात तोट्याखाली स्प्रे पाँडची हकिगत दोन ओळींत. सप्टेंबरच्या सभेपर्यंत त्यातलं काय खोडलं जातं ते बघायचं. नव्या केमिस्टने टायपिंग तपासताना विचारलं, "सर, पाँडचं राहू द्यायचं ना?" राहू दे म्हटलं.